वरचा रंग आणि आतला पत्रा

बाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी आधी काय पाहतो? तो बैलाचे तोंड उघडून दात मोजतो. खांद्यावरून हात फिरवतो. चार पावले चालवून पाहतो. विकणाऱ्याने शिंगे तासून रंगवलेली असतात. अंगाला तेल चोपडलेले असते. पण शेतकरी त्या चकाकीला भुलत नाही. "रंग राहू द्या, दात दाखवा," असे तो सरळ म्हणतो.

आता खेड्यात बैलांबरोबर मोटारीही आल्या आहेत. नवी मोटार परवडत नाही, म्हणून पुष्कळ जण जुनी घेतात. तीही कर्ज काढून, हप्त्याने. बैलाची पारख करणारा हाच शेतकरी मोटारीपुढे मात्र गोंधळतो. चकचकीत रंग पाहतो आणि दाखवतील तेथे सही करतो. मग पावसाळा येतो आणि रंगाला फोड येतात. अशा वेळी काय करावे? दाद कोणाकडे मागावी? ते या पाठात आपण पाहू.

अण्णांची मोटार

आमच्या गावात एक शेतकरी आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही देवळाच्या ओवरीत रात्रीचा वर्ग सुरू केला. अण्णा त्याच वर्गात, पन्नाशी उलटल्यावर लिहायला-वाचायला शिकले.

अण्णांची आई आजारी असते. आठवड्यातून दोनदा तिला तालुक्याच्या दवाखान्यात न्यावे लागते. एस.टी.चे धक्के म्हातारीला सोसत नव्हते. म्हणून अण्णांनी जुनी मोटार घ्यायचे ठरवले. तालुक्याच्या गावी जुन्या मोटारींचे एक दुकान आहे. त्या दुकानाची जाहिरात मुलाने फोनवर दाखवली. तीत लिहिले होते, "रंग मूळ कंपनीचा. अपघात नाही."

किंमत ठरली 3,40,000 रुपये. अण्णांनी कापसाचे आलेले 90,000 रुपये रोख दिले. उरलेल्या 2,50,000 रुपयांचे कर्ज एका फायनान्स कंपनीने दिले. हप्ता दरमहा 8,666 रुपये, असे 36 हप्ते. गुणाकार करून पाहा. एकूण 3,11,976 रुपये होतात. म्हणजे अडीच लाखांवर 61,976 रुपये व्याज.

दुकानदाराने कागद पुढे केले. अण्णा एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचू लागले. मागे दोन गिऱ्हाइके उभी होती. दुकानदार हसून म्हणाला, "अहो अण्णा, हे छापील असतं. सगळे इथंच सही करतात. किती वेळ वाचत बसणार?" अण्णांना लाज वाटली. त्यांनी कागद बाजूला सारला आणि सही केली.

हे मार्च महिन्यात झाले. जुलैत पावसाने जोर धरला आणि डाव्या बाजूच्या दोन्ही दारांवर रंगाला फोड आले. एक फोड नखाने दाबला तर आतून तांबडे पाणी आले. बॉनेटवरचा चकचकीत थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटू लागला. अण्णा दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "जुनी गाडी आहे. जशी आहे तशी घेतलीत. कागदावर सही आहे तुमची."

अण्णा संतापले. "आता एक पैसा भरणार नाही," असे म्हणून त्यांनी ऑगस्टचा हप्ता थांबवला. आठ दिवसांत फायनान्स कंपनीचे फोन सुरू झाले. वर दंडही चढला. तेव्हा एका रात्री वर्ग सुटल्यावर अण्णा आमच्यापाशी येऊन बसले. म्हणाले, "गुरुजी, आईच्या दवाखान्यासाठी गाडी घेतली. आता गाडीही जाते की काय?"

रंग का सुटतो?

आधी रंगाचे पाहू. मोटारीचा रंग म्हणजे एकच थर नव्हे. कारखान्यात पत्रा धुऊन स्वच्छ करतात. त्यावर गंज धरू नये म्हणून अस्तराचा थर विजेच्या साहाय्याने बसवतात. त्यावर खरा रंग देतात. सगळ्यांत वर काचेसारखा पारदर्शक थर असतो. चकाकी त्या थराची असते. हे थर भट्टीत तापवून पक्के करतात. इतके सगळे थर मिळून जाडी किती? साधारण 100 ते 150 मायक्रॉन. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. म्हणजे सगळा रंग मिळून मिलिमीटरच्या सातव्या-दहाव्या हिश्श्याएवढाच जाड असतो.

गाडी ठोकली गेली किंवा पत्रा गंजला, की ती डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जाते. चांगला कारागीर पत्रा ठोकून सरळ करतो. गंज पुरता खरवडतो. गरजेपुरती पुट्टी भरतो. ती वाळू देतो, पॉलिश कागदाने घासतो. मग अस्तर, मग रंग. असे काम वर्षानुवर्षे टिकते. जुन्या गाडीला पुन्हा रंग दिलेला असणे हा काही गुन्हा नाही.

पण घाईचे काम वेगळे असते. गंज तसाच ठेवून त्यावर जाड पुट्टी थापतात. पुट्टी स्पंजासारखी ओल धरते. खालचा गंज वाढतो आणि वाढताना फुगतो. तो वरच्या रंगाला उचलतो. तोच फोड. आणि खालचा थर नीट न घासता वर पारदर्शक थर मारला, तर तो धरून राहत नाही. ऊन-पावसाने सुटतो. ओल्या भिंतीवर चुना मारला तर पोपडे पडतात, तसाच हा प्रकार.

उन्हातान्हाने रंग फिका पडणे, चार ओरखडे असणे, हे जुनेपणाचे लक्षण आहे. त्याबद्दल तक्रार चालत नाही. गंज झाकून वर रंग फासणे ही गोष्ट मात्र निराळी. दाद मागायची ती या दुसऱ्या गोष्टीबद्दल.

राग हप्त्यावर काढू नये

आम्ही अण्णांना विचारले, "अण्णा, तुमचं भांडण कोणाशी?"

"दुकानदाराशी."

"मग हप्ता कोणाचा थांबवलात?"

अण्णा गप्प झाले.

या व्यवहारात पक्ष तीन असतात. गाडी विकणारा दुकानदार, पैसे देणारी फायनान्स कंपनी आणि गाडी घेणारे आपण. कंपनीने दुकानदाराला पैसे दिले आणि आपल्याकडून लिहून घेतले. सात-बाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढतो ना? तसाच मोटारीच्या नोंदणीवर, म्हणजे आर.सी.वर, कंपनीचा बोजा चढतो. कर्ज फिटेपर्यंत तो राहतो. अशा कर्जात रंग खराब निघाला म्हणून हप्ता माफ होत नाही. शेतात बियाणे उगवले नाही म्हणून सोसायटीचे कर्ज फिटत नाही, तसेच हे.

हप्ता थांबला की दंड लागतो. पुढच्या कर्जासाठी आपले नाव खराब होते. शेवटी करारात तसे कलम असेल तर गाडी ताब्यात घेण्याची नोटीस येते. वसुलीसाठी दांडगाई करण्याचा हक्क मात्र कोणत्याही कंपनीला नाही. पण ती वेळ येऊच कशाला द्यावी? दुसऱ्या दिवशी अण्णांनी राहिलेला हप्ता दंडासह भरला आणि पावती घेतली. त्यामुळे भांडण एकाशीच उरले. तक्रार सोपी झाली.

"जशी आहे तशी" म्हणजे काय?

मग आम्ही दुकानदाराचा कागद मागवला. अण्णांनी तो स्वतः वाचला. सावकाश, बोट ठेवून. सातव्या ओळीत लिहिले होते, "गाडी पाहून, जशी आहे तशी घेतली आहे."

या शब्दांनी आपले हात बांधले जातात का? काही अंशी जातात. 1930 सालच्या माल विक्रीच्या कायद्यात असे तत्त्व आहे, की माल पाहून घेतला असेल, तर पाहताना जो दोष दिसायला हवा होता त्याबद्दल मागून बोलता येत नाही. दारावरचा पोचा डोळ्यांना दिसत होता, तर तो आपण पत्करला.

पण पुट्टीखालचा गंज दिसत नव्हता. तो झाकलेला होता. शिवाय जाहिरातीत "रंग मूळ कंपनीचा" असे लिहिले होते. 1872 सालच्या करार कायद्याप्रमाणे, आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट फसवण्याच्या हेतूने मुद्दाम झाकून ठेवणे ही लबाडी आहे. लबाडीवर "जशी आहे तशी" या शब्दांचे पांघरूण घालता येत नाही. म्हणून जाहिरात महत्त्वाची ठरली. अण्णांच्या मुलाने ती फोनमध्ये जपून ठेवली होती. नसती ठेवली, तर काम अवघड झाले असते.

पुरावा आधी, दुरुस्ती मागून

पुष्कळ लोक आधी गाडी रंगवून घेतात आणि मग पैसे मागतात. तेव्हा दाखवायला काही उरत नाही. अण्णांनी क्रमाने कामे केली.

पहिले, उजेडात फोटो काढले. एक लांबून, एक जवळून, एक गाडीचा नंबर दिसेल असा.

दुसरे, दुसऱ्या गावच्या कारागिराला गाडी दाखवली. त्याने जाडी मोजायचे यंत्र लावले. छतावर आकडा बरोबर आला. दारावर तो कितीतरी पट जास्त आला. कारागिराने फोड खरवडून गंज दाखवला. त्याने हे सगळे लिहून सही केली आणि दुरुस्तीचा खर्च मांडला, 28,000 रुपये.

तिसरे, पावती, करार, जाहिरात आणि हप्त्यांच्या पावत्या एका पिशवीत घातल्या.

चौथे, दुकानदाराला पत्र लिहिले. आम्ही म्हणालो, "सांगा, आम्ही लिहितो." अण्णा म्हणाले, "नको गुरुजी. मीच लिहितो. तुम्ही तपासा." दोन रात्री बसून त्यांनी पत्र लिहिले. ते असे:

"महाशय, मी 14 मार्च रोजी आपल्या दुकानातून जुनी मोटार 3,40,000 रुपयांस घेतली. जाहिरातीत 'रंग मूळ कंपनीचा, अपघात नाही' असे लिहिले होते. 6 जुलै रोजी डाव्या बाजूच्या दोन्ही दारांवर रंगाला फोड आले. बॉनेटवरचा थर सुटला. कारागिराने पाहिले. दारांच्या पत्र्यावर जाड पुट्टी असून तिच्याखाली गंज आहे. त्याचा लेखी अभिप्राय आणि फोटो सोबत जोडले आहेत. दुरुस्तीस 28,000 रुपये लागतील. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत आपण काम नीट करून द्यावे किंवा खर्च द्यावा. तसे न झाल्यास मला ग्राहक आयोगाकडे जावे लागेल. कळावे."

या पत्रात शिवी नाही आणि विनवणीही नाही. कधी घेतले, काय सांगितले होते, काय निघाले, काय पाहिजे आणि किती दिवसांत, एवढेच आहे. तक्रारीचे पत्र असेच असावे. अण्णांनी त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवली. पत्र स्पीड पोस्टाने पाठवले आणि पोस्टाची पावती पिशवीत घातली. माहितीसाठी एक प्रत फायनान्स कंपनीलाही पाठवली.

ग्राहक आयोग

पंधरा दिवस गेले. उत्तर आले नाही. मग अण्णांनी 1915 या नंबरावर फोन केला. ही सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मराठीतही बोलता येते. ते लोक दुकानदाराशी बोलून तडजोड होते का, ते पाहतात. निकाल देण्याचा अधिकार त्यांना नाही. दुकानदार 10,000 रुपयांवर आला. अण्णांनी नकार दिला.

पुढची पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाची. आपल्या देशात ग्राहकांसाठी पहिला कायदा 1986 साली झाला. त्याच्या जागी 2019 सालचा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि 20 जुलै 2020 पासून तो लागू झाला. त्यातल्या चार गोष्टी ध्यानात ठेवा.

एक. वस्तू हप्त्याने घेतली तरी आपण ग्राहकच असतो. जी गाडी स्वतः चालवून पोट भरायचे, तिचा मालकही ग्राहकच.

दोन. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दुकानदाराच्या जिल्ह्यात हेलपाटे घालावे लागत नाहीत. घरबसल्या संगणकावरून तक्रार दाखल करण्याचीही सोय आहे. तिला ई-जागृती म्हणतात.

तीन. वस्तूसाठी दिलेली किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. आपले म्हणणे आपण मांडू शकतो.

चार. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी. उगीच थांबू नये.

आयोग दोष दूर करून देण्याचा, पैसे परत देण्याचा किंवा भरपाईचा हुकूम करू शकतो. निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी करावी लागली तर पाच महिन्यांत द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो. दोन्ही पक्ष तयार असतील तर मध्यस्थासमोर बसून समेटही होतो.

अण्णांचे तसेच झाले. आयोगाची नोटीस गेल्यावर दुकानदार मध्यस्थासमोर आला. अण्णांनी पिशवीतले कागद एकेक करून टेबलावर मांडले. शेवटी दुकानदाराने 25,000 रुपये द्यायचे कबूल केले. अण्णांनी 3,000 सोडले. पहिल्या पत्रापासून पैसे हाती येईपर्यंत सात महिने गेले. पण या सात महिन्यांत एकही हप्ता चुकला नाही आणि आईची दवाखान्याची एकही खेप चुकली नाही.

एक अडचण सांगून ठेवतो. गाडी दुकानातून न घेता एखाद्या खाजगी माणसाकडून घेतली, तर ग्राहक आयोगाचा रस्ता सहसा बंद असतो. कारण तो माणूस व्यापारी नव्हे. तेथे दिवाणी कोर्टात जावे लागते. अशा वेळी आधी दुप्पट पारख करावी.

घेण्यापूर्वी काय पाहावे?

गाडी दिवसा, उन्हात पाहावी. संध्याकाळी दिव्याखाली किंवा नुकतीच धुतलेली असताना पाहू नये. ओल्या पत्र्यावर दोष लपतात.

वाकून बाजूने नजर टाकावी. दोन दारांच्या रंगात फरक दिसतो का? दारांमधल्या फटी सारख्या आहेत का?

खिडकीच्या रबरावर रंगाचे शिंतोडे आहेत का, ते पाहावे. असतील तर गाडी पुन्हा रंगवली आहे.

पातळ फडक्यात लोहचुंबक धरून पत्र्यावर फिरवावे. जेथे पुट्टी जाड, तेथे चुंबक नीट धरत नाही. बंपर मात्र प्लास्टिकचा असतो. तेथे चुंबक धरणारच नाही.

आर.सी.वर लिहिलेला रंग आणि गाडीचा रंग एक आहे का? आधीच्या कर्जाचा बोजा उतरला आहे का? 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी परिवहन खात्याच्या अधिकारपत्राचा नियम आला आहे. ते अधिकारपत्र पाहायला मागावे.

दुकानदार तोंडाने जे सांगतो, ते पावतीवर लिहून मागावे. "रंग मूळ आहे" म्हणतो ना? मग लिही म्हणावे. लिहायला कचरला, तर आपण काय ते समजावे.

आणि शेवटची गोष्ट. अण्णांना वाचता येत होते. तरी ते फसले, कारण हळू वाचण्याची त्यांना लाज वाटली. मंडळी, आपण उशिरा शिकलो, म्हणून सावकाश वाचतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पैसे आपले, सही आपली, हप्ता आपण फेडणार. मग घाई दुसऱ्याची कशाला? मागे चार माणसे उभी असोत की दहा. आता अण्णा कोणत्याही कागदाशी बसले की खिशातून चष्मा काढतात, पहिल्या ओळीवर बोट ठेवतात आणि समोरच्याला म्हणतात, "बसा जरा. मला वाचायला वेळ लागतो."

तुम्हीही असेच म्हणा.